पानाला भोक

रविवारी सकाळी शिट्टीने अशी किंकाळी फोडली की सासूबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला आणि समोरच्या घरातल्या माणसाने खिडकी उघडून पाहिलं. दहा वर्षांच्या त्या पोरीला शिट्टी हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पण एरवी तिच्या आवाजात दंगा असायचा, आज रडू होतं.

"गेल्या! सगळ्या अळ्या गेल्या! एक पण नाही राहिली!"

अख्खं घर मागच्या दाराने रोपवाटिकेत धावलं. सगळ्यांत पुढे भाऊजी, म्हणजे शिट्टीचे बाबा, एकाच पायात चप्पल घालून. त्यांच्यामागे त्यांची बायको, म्हणजे जाऊबाई, मग सासूबाई, मग अर्धी दाढी झालेला धाकटीचा नवरा आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः धाकटी, या घरची धाकटी सून. ती मुद्दामच मागे राहिली होती. पाण्याच्या टाकीमागच्या वाफ्यात काय दिसणार ते तिला न बघताच ठाऊक होतं.

वाफा तसा जागच्या जागी होता. झिनियाची लाल-गुलाबी फुलं माना वर करून उभी होती, शेपू दाटीवाटीने माजला होता, फुलपाखरांनी पाणी प्यावं म्हणून ओल्या वाळूची ताटली ठेवलेली होती आणि त्यांनी ऊन खात बसावं म्हणून मुलांनी कुठून कुठून आणलेले सपाट दगडही होते. मधोमध लिंबोणीची दोन वाकडी रोपं उभी होती. गिऱ्हाईक घेणार नाही म्हणून भाऊजींनी टाकून दिलेली. कालपर्यंत त्यांच्यावर अळ्यांचा संसार चालला होता. आज त्यांची अवस्था नुकताच न्हावी येऊन गेल्यासारखी झाली होती. शेंड्याला चार-सहा कोवळी पानं, बाकी नुसत्या काड्या.

धाकटीचा मुलगा ढब्बू जमिनीवर पालथा पडून माती तपासत होता.

"फिरायला गेल्या असतील," तो म्हणाला. "रविवार आहे ना."

"गप रे!" शिट्टी ओरडली. "पानं कुणीतरी खुडलीयत. देठ बघ. अळ्या काय देठ कापून जातात?"

हे मात्र खरं होतं. देठ इतके सफाईने खुडले होते की हे काम कोणत्या घराण्याचं, ते वेगळं सांगायला नको.

या घराण्याची एक रीत होती. रोपवाटिका सासऱ्यांनी सुरू केली तेव्हापासून रोज सकाळी, दार उघडायच्या आधी, घरातल्या प्रत्येकाने रांगांमधून एक फेरी मारायची आणि पिवळं, डागाळलेलं, भोक पडलेलं पान दिसलं की खुडून टोपलीत टाकायचं. भोकाचं पान गिऱ्हाईकाच्या नजरेस पडलं तर ती सगळ्या घराची नाचक्की. सासरे गेले, पण फेरी चालूच राहिली, आणि बोटांना अशी खोड लागली की माणूस कुठेही गेला तरी बोटं गप्प बसेनात. दातांच्या दवाखान्यात दाढ ठणकत असताना भाऊजींनी तिथल्या कुंडीतली पिवळी पानं खुडून शर्टाच्या खिशात भरली होती. सासूबाईंनी एका लग्नात नवरीशी बोलता बोलता व्यासपीठावरची अर्धी सजावट 'साफ' केली होती.

अशा घरात मुलांनी फुलपाखरांचा वाफा लावला होता, आणि फुलपाखरांच्या वाफ्यात भोक पडलेलं पान म्हणजे दागिना.

त्यामुळे सगळ्यांच्या माना एकाच वेळी भाऊजींकडे वळल्या.

वळायला कारणही होतं. टाकीमागची ही जागा भाऊजींना रोपांच्या शेडसाठी हवी होती. लोखंडी पाइप येऊन भिंतीला टेकून उभे होते, वर घालायची हिरवी जाळी आली होती आणि वेल्डर उद्या सोमवारी येणार होता. महिनाभर बाप-लेकीचं या जागेवरून वाजत होतं. शेवटी सासूबाईंनी मध्ये पडून सांगितलं होतं, "रविवारी दुपारी मी स्वतः येऊन बघेन. वाफ्यात काही जिवंत दिसलं तर जागा पोरांची. नुसतीच फुलं असतील तर शेड. मग कुणी तोंड वर करून बोलायचं नाही." शिट्टीने तेवढ्यावर अख्ख्या गल्लीतल्या मुलांना चार वाजताचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"बाबा," शिट्टी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हीच ना?"

"मी?" भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला जागा हवी असेल तर मी सरळ मागेन! रात्रीबेरात्री पानं खुडत बसेन का?"

"सकाळी तुम्ही टोपली घेऊन इकडून आलात. मी बाथरूमच्या खिडकीतून बघितलं."

भाऊजींना खोटं बोलता येत नसे. बोलायला गेले की त्यांचे कान लाल व्हायचे, म्हणून त्यांनी तो नाद कधीच सोडला होता.

"तीन पानं," ते म्हणाले. "फक्त तीन. इकडून जाता जाता. अगदीच फाटकी होती गं! लोक येणार म्हटल्यावर... पण तीनच. बाकीचं मला माहीत नाही."

"तीन पानांनी झाड एवढं होतं का?" धाकटीचा नवरा गालावरचा फेस पुसत म्हणाला. तो रोपवाटिकेची गाडी चालवायचा आणि भांडणात सहसा ज्याचा आवाज मोठा त्याच्या विरुद्ध बाजूला असायचा. "दादा, कबूल करून टाक की सगळं."

"तुम्ही बोलूच नका," जाऊबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी गाडी धुताना तुमची बोटं कुठे चालली होती, ते मी बघितलंय भावजी."

"दोनच पानं होती, वहिनी! आणि ती पिवळी होती."

"आणि तू?" भाऊजींनी बायकोला विचारलं. "तू इथे काय करत होतीस काल संध्याकाळी?"

आता जाऊबाई जाळीकडे बघायला लागल्या. जाळी हिरवी होती, जाळीसारखी होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"एक डहाळी काढली मी," त्या शेवटी म्हणाल्या. "पाखराची विष्ठा पडली होती तिच्यावर."

"आई!" शिट्टीने कपाळावर हात मारला. "ती विष्ठा नव्हती! ती अळी होती! लहान असताना तशीच दिसते ती, कुणी खाऊ नये म्हणून!"

"मला काय माहीत बाई, कोण कशाचं सोंग घेतं ते!"

सासूबाई इतका वेळ नुसत्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख डाव्या हाताने झाकून उभ्या होत्या. ढब्बू जमिनीवर होता, त्यामुळे त्याला खालून नेमकं तेच दिसलं.

"आजी, तुझं नख हिरवं आहे."

हसू प्रथम कुणाला फुटलं कोण जाणे, पण एकदा फुटल्यावर ते आवरेना. भाऊजी हसले, जाऊबाई हसल्या, सासूबाई "अरे पहाटे झोप येत नाही मला, बोटांना काहीतरी चाळा लागतो" म्हणत स्वतःच हसायला लागल्या. चोर पकडायला निघालेलं घर सगळंच्या सगळं चोर निघालं होतं. एवढ्या हसण्यात दोघी मात्र हसत नव्हत्या. एक शिट्टी, आणि एक धाकटी.

धाकटीच्या मनात आलं, आता गप्प बसलं तरी चालेल. यांची थोडी थोडी मिळून बेरीज होऊन गेली. कुणी विचारत नाही. कोण कशाला विचारेल? ती या घरात अशा माणसांच्यातून आली होती ज्यांच्या घरी एक कुंडीसुद्धा नव्हती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने दुकानातल्या कापडी फुलांना पाणी घातलं होतं, आणि तो किस्सा घरी पाहुणा आला की चहाच्याही आधी वाढला जायचा. आठ वर्षं झाली, तरी फेरीत तिच्यामागून कुणीतरी दुसरी फेरी मारायचंच. झाडांबद्दल तिला काही विचारणारी या घरात दोनच माणसं होती, शिट्टी आणि ढब्बू. हा वाफा तिघांनी मिळून लावला होता. कोणती अळी काय खाते ते तिने चार ठिकाणी विचारून आणून मुलांना शिकवलं होतं. 'भोक दिसलं की खूश व्हायचं' हे वाक्य तिचं होतं.

म्हणूनच तिला गप्प बसवेना.

"शिट्टे," ती म्हणाली. "बाकीची सगळी मी खुडली."

हसणं एकदम थांबलं.

"तू?" नवऱ्याने विचारलं. त्याला खरंच वाटेना.

"सकाळी ताटलीत पाणी घालायला आले. चार वाजता लोक येणार, आणि मधोमध ही दोन फाटकी झाडं. मला वाटलं, नुसतीच भोकं राहिलेली तेवढी काढू, अळ्या वरच्या पानांवर असतील. एक काढलं, की त्याच्या शेजारचं जास्तच वाईट दिसायला लागलं. मग ते काढलं. पुढे बोटं काय करत होती ते मला कळलंच नाही. टोपली भरल्यावर भानावर आले. अळ्या वेचायला वाडगा आणायला आत गेले, तोवर टोपली कुणीतरी उचलून नेली."

"मीच नेली," भाऊजी पुटपुटले. "फेरीचीच समजून खड्ड्यात ओतली."

शिट्टी काकूकडे बघत राहिली. बाबांवर ती ओरडली असती, आईवर रुसली असती, आजीला तर तिने माफच केलं असतं. पण काकूने हे करावं, हे तिच्या हिशेबातच बसत नव्हतं.

"तूच म्हणाली होतीस ना," ती एवढंच म्हणाली, आणि पाठ फिरवून टाकीपलीकडे गेली.

धाकटीला वाटलं, सगळ्यांसमोर कापडी फुलांना पुन्हा शंभरदा पाणी घालावं, पण हे नको.

तेवढ्यात ढब्बू उठून उभा राहिला. त्याला दुःख लांबवायची सवय नव्हती.

"खड्ड्यात ओतल्या म्हणजे खड्ड्यातच असतील की," तो म्हणाला.

आणि तो पळत सुटला.

पाल्याचा खड्डा रोपवाटिकेच्या टोकाला होता. आठवडाभराची खुडलेली पानं, छाटलेल्या काड्या, जुनी माती असं सगळं त्यात. पुढचा तासभर त्या खड्ड्याभोवती जे चाललं ते गिऱ्हाइकांनी पाहिलं नाही हे नशीबच. घरातली झाडून सगळी माणसं गुडघ्यांवर होती. सासूबाईंना कुणीतरी स्टूल आणून दिलं होतं आणि त्या त्यावरून हुकूम सोडत होत्या. "तिकडचं नको, ते परवाचं आहे. इकडे बघा. ओलं आहे ते आजचं." इतके दिवस जी माणसं भोकाचं पान खुडून फेकत होती, ती आता त्याच भोकाच्या पानासाठी जीव टाकत होती.

पहिली अळी जाऊबाईंना सापडली. चांगली बोटाएवढी हिरवी. त्यांनी आधी किंचाळून पान फेकून दिलं आणि मग तेच पान पुन्हा अर्धा तास शोधलं. पण खरे तरबेज निघाले भाऊजी. इतकी वर्षं लिंबोणीवरच्या अळीशी त्यांचं वैर, त्यामुळे ती कशी बसते, कुठे लपते हे त्यांच्याइतकं कुणाच्या डोळ्यांत बसलेलं नव्हतं. ते ढिगाकडे नुसते बघायचे आणि बोट दाखवायचे. अडचण एकच होती. अळी हाताला लागली की त्यांचा अंगठा आपोआप पुढे यायचा.

"बाबा, दाबू नका!" शिट्टी दर वेळी ओरडायची.

"नाही गं दाबत!"

"अंगठा बघा तुमचा!"

भाऊजी स्वतःच्या अंगठ्याकडे संशयाने बघायचे आणि अळी अलगद वाडग्यात ठेवायचे. शिट्टीचं रडू कधी थांबलं ते तिचं तिलाही कळलं नसावं. काकूशी मात्र ती बोलत नव्हती. धाकटी तिच्यापासून हातभर अंतरावर पानं उलटून बघत होती. तिला एक अळी सापडली तेव्हा तिने ती पुढे केली, तर शिट्टीने वाडगा ढब्बूच्या हातात दिला आणि ढब्बूने तो काकूपुढे म्हणजे स्वतःच्या आईपुढे धरला. मधल्या माणसामार्फत व्यवहार सुरू झाला होता.

दहा वाजेपर्यंत वाडग्यात डझनभर अळ्या जमल्या. काही हिरव्या, काही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या. आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की यांना आता खायला काय घालायचं?

"शेपू घाला की. एवढा माजलाय," धाकटीचा नवरा म्हणाला.

"या लिंबाचीच पानं खातात," शिट्टी म्हणाली. "दुसरं खात नाहीत. उपाशी मरतील पण खाणार नाहीत."

"म्हणजे तुझ्यासारख्या," जाऊबाई म्हणाल्या.

वाफ्यातल्या दोन रोपांवरची कोवळी पानं संध्याकाळपर्यंतही पुरली नसती. सगळ्यांनी एकदा वाडग्यात पाहिलं, आणि मग नको नको म्हणतानाही सगळ्यांची नजर पुढच्या दाराकडच्या रांगेकडे गेली. तिथे लिंबोणीची कलमं उभी होती. भाऊजींनी स्वतः बांधलेली, दीड वर्ष जोपासलेली. एका हॉटेलवाल्या बाईंनी आपल्या दारापुढे ठेवायला अख्खी रांग सांगून ठेवली होती, आणि आज दुपारी त्या ती पसंत करायला येणार होत्या. प्रत्येक पान पुसल्यासारखं चकचकीत होतं. पुसल्यासारखं कशाला, भाऊजी ती ओल्या फडक्याने खरोखरच पुसायचे.

"नाही," भाऊजी म्हणाले. अजून कुणी तोंडही उघडलं नव्हतं.

"बाबा, एकच कुंडी."

"नाही म्हणजे नाही. तू म्हणशील तितका वेळ मी खड्ड्यात बसतो. पण कलमं नाही."

"दादा बरोबर बोलतोय," धाकटीचा नवरा म्हणाला. सकाळी भावावर उलटलेला हा माणूस आता सरळ भावाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "उद्या ती माझ्याच गाडीतून जायचीत. बाई मोजून घेतील. बोलणी मी खाऊ?"

"एक कुंडी कमी दिली म्हणून हॉटेल बंद पडणार आहे का त्यांचं?" जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजींनी बायकोकडे चमकून पाहिलं. "तू शेडच्या बाजूने होतीस ना?"

"आहेच. शेडच्या बाजूने आहे. पोरीच्या विरुद्ध नाही."

"आई, तू तरी सांग हिला."

"कलमं तू बांधलीस," सासूबाई म्हणाल्या. "मी कोण सांगणार?"

भाऊजी तरातरा पुढच्या रांगेकडे निघून गेले. सासूबाईंनी स्टुलावरून उठता उठता धाकटीचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जा. तू विचार."

"मी? आई, माझं ते कधी ऐकतात?"

"म्हणूनच जा. त्याला बायकोला नाही म्हणता येतं, पोरीला येतं, मला तर चांगलंच येतं. तुझा त्याला अजून संकोच आहे. आठ वर्षांत तू त्याच्याकडे काही मागितलेलं नाहीस."

धाकटी गेली. भाऊजी एका कुंडीपुढे उकिडवे बसून पानं पुसत होते. पानं स्वच्छच होती. ती बाजूला उभी राहिली, आणि काय बोलायचं हे ठरवलेलं नसल्यामुळे जे मनात होतं तेच बोलली.

"भाऊजी, चूक माझी आहे. तुमची तीन पानं, आईंची दोन-चार, ती धरायची नाहीत. झाड मी बोडकं केलं. शिट्टी माझ्याशी बोलत नाहीये."

"बोलेल. माझ्याशी आठवड्यातून दोनदा बोलायची बंद होते ती."

"तुमच्याशी बंद होते ती वेगळी. तुम्ही बाप आहात, तुमच्याकडे परत यावंच लागतं तिला. माझ्याकडे यायला काही कारण नाही. हा वाफाच होता."

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"एक सांग," ते म्हणाले. "मी आठ वर्षं तुझ्यामागून फेरी मारतोय. पिवळंधमक पान नाकासमोर असलं तरी तुला दिसायचं नाही. मी हिला म्हणायचो, या मुलीची नजरच तयार होत नाही. आणि आज एका सकाळी तू दोन झाडं साफ केलीस? देठ मी बघितले. एक चिरफळी नाही. एक साल निघालेली नाही. मला आधी वाटलं, आईचंच काम."

"माझंच आहे ते."

"बरं, मुहूर्त तरी कसला शोधलास!" भाऊजी म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. धाकटीला आधी वाटलं ते चिडलेत. पण ते हसत होते. तिच्याबरोबर बसून ते असे हसल्याचं तिला आठवत नव्हतं. मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

भाऊजी उठले. रांगेच्या टोकाला एक कुंडी जरा आखूड, एका बाजूला कललेली होती. त्यांनी तिच्यापुढे उभं राहून मान हलवली. मग परत आले, आणि मधली, सगळ्यांत भरलेली, सगळ्यांत चकचकीत कुंडी दोन्ही हातांनी उचलली.

"ती टोकाची चालली असती," धाकटी म्हणाली.

"तिच्यात दम नाही. तीन दिवसांत फस्त करतील, मग परत मागायला याल." ते वाफ्याकडे चालायला लागले. "खायलाच घालायचं तर नीट घालू."

वाफ्याजवळ त्यांनी कुंडी ठेवली आणि तोंड फिरवून उभे राहिले. "ठेवा लवकर. मला बघवणार नाही."

शिट्टीने आणि ढब्बूने एकेक अळी उचलून पानांवर ठेवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एका हिरव्या अळीने डोकं हलवलं, पानाच्या कडेशी आली आणि खायला लागली. वरून खाली, मग पुन्हा वरून खाली, एखादं लेकरू भुट्टा खातं तशी. भाऊजींनी खांद्यावरून एकदा पाहिलं. मग दुसऱ्यांदा पाहिलं. मग ते बादली उपडी घालून कुंडीसमोर बसले, ते जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत.

"काय तब्येतीत खाते बघ," ते धाकट्या भावाला म्हणाले. "देठापर्यंत. वाया घालवत नाही."

"दादा, कालपर्यंत तू यांना चिमटीत धरत होतास."

"काल मी बसून बघितलं नव्हतं."

चारला गल्लीतली मुलं आली. कुणी सायकलवरून, कुणी आईचं बोट धरून, एक जण तर चिखलात पाय घालून आला होता. शिट्टीने त्यांना वाफ्याभोवती उभं केलं आणि सकाळच्या आवाजाशी काही नातं नसलेल्या आवाजात सगळं सांगितलं. ही लहान असताना विष्ठेचं सोंग घेते, ही मोठी झाल्यावर हिरवी होते, मग काडीला स्वतःला दोरीने बांधून घेते आणि निजते. सासूबाई पहिल्या रांगेत स्टुलावर होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कुंडीवर ओणव्या झाल्या.

नेमक्या त्याच वेळी हॉटेलवाल्या बाई आल्या. त्या पुढची रांग बघून खूश झाल्या, मोजताना एक कुंडी कमी दिसली म्हणून शोधत मागे आल्या, आणि वाफ्यापुढे येऊन थबकल्या.

"अहो, हे काय? सगळ्यांत चांगलं झाड होतं ते! आणि हे... पानांना भोकं पडलीयत की!"

इतक्या वर्षांत या फाटकाच्या आत कुठल्याही गिऱ्हाइकाने हे वाक्य उच्चारलेलं नव्हतं. धाकटीच्या नवऱ्याने हळूच एक पाऊल मागे घेतलं. जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला.

भाऊजी बादलीवरून उठले. त्यांचे कान लाल झाले नव्हते.

"पडलीयत," ते म्हणाले. "अजून पडणार आहेत. हे विकायचं नाही, बाई. याच्यावर पंगत बसलीय. तुम्हाला याच्याबदली दुसरं देतो, महिनाभर थांबायची तयारी असेल तर."

बाईंनी कुंडीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, एवढ्या मुलांकडे पाहिलं. "थांबते," त्या म्हणाल्या. "पण भोकवालं नको हं मला."

"तुम्हाला देतो आहे कोण!" भाऊजी म्हणाले.

सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी निकाल असा दिलाच नाही. त्या धाकट्या मुलाला म्हणाल्या, "ते पाइप पुढच्या अंगाला नेऊन ठेव. पोरं पळतात इथून, कुणाच्या तरी पायावर पडतील. आणि वेल्डरला सांग, उद्या आधी माझ्याशी बोल, शेड कुठे घालायची ते मी दाखवते."

ढब्बूने जो आरडाओरडा केला त्याने शिट्टीची बरोबरी केली. गल्लीतल्या मुलांना कशासाठी ते कळलं नाही, पण ओरडायची संधी दिसल्यावर तीही ओरडली.

मुलं पुढे सरकायला लागली, तशी घरातली मोठी माणसंही सरकली, आणि धाकटीने पाहिलं, बोलता बोलता जाऊबाईंची दोन बोटं कडेच्या फाटक्या पानाकडे निघाली होती. शिट्टीनेही पाहिलं.

"हात मागे!" ती कडाडली. "घरातल्या सगळ्यांनी! आजी, तूपण! इथे यायचं तर हात मागे बांधून यायचं!"

सासूबाईंपासून सगळ्यांनी निमूट हात मागे बांधले. भाऊजींनी तर एका हाताने दुसऱ्याचा अंगठा पकडून ठेवला. रांगेच्या शेवटी धाकटीनेही बांधले. शिट्टी तपासणी करत एकेकासमोरून पुढे आली आणि तिच्यापाशी थांबली. सकाळपासून तिने काकूच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. आताही ती तिच्या कोपरांकडेच बघत होती.

"काकू, तू नको."

धाकटी बाजूला व्हायला निघाली.

"तसं नाही गं. तू हात पुढे कर. ही खाली पडली होती, कुणीतरी तुडवेल." शिट्टीने मूठ उघडली. तळव्यात एक गुबगुबीत हिरवी अळी होती. "मला अजून यांच्या हातांकडे बघायचंय. तू ठेव तिला वर. तुला येतं."

धाकटीने तळवा पुढे केला. अळी मऊ, गार पायांनी तिच्या बोटांवर चढली, घाबरली, आणि डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून असा वास सोडला की जाऊबाई नाक धरून मागे सरल्या आणि गल्लीतली मुलं खदखदून हसायला लागली. वास खरंच फार घाण होता. धाकटीने हात जराही हलवला नाही.